मधली लाईन

पांढुर्ण्याच्या बसनं सौंसर मागे टाकून अर्धा तास झाला असेल नसेल, तोच पुढच्या सीटवरची संत्री बसभर झाली. झालं होतं एवढंच, की एक म्हातारं जोडपं जुन्या धोतराचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलं होतं, गाठोड्याची गाठ सैल होती आणि म्हातारा ती मुठीत आवळून पुन्हा पुन्हा बांधायची खटपट करत होता. एक हात गाठीत, दुसऱ्या हातात तंबाखूची पुडी, वर रस्त्याचे गचके. बायकोनं बराच वेळ सहन केलं आणि मग ती म्हणाली, "सोडून द्या ना आता." म्हाताऱ्यानं सोडून दिलं. संत्री सीटखालून, पायांमधून, कंडक्टरच्या चपलेवरून घरंगळत थेट मागच्या दारापर्यंत गेली. "मी म्हणलं सोडून द्या, म्हंजे हाये तसं राहू द्या," म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली. म्हातारा शांतपणे वाकला आणि म्हणाला, "मंग राहू द्या म्हणाचं. सोडा म्हणलं, मी सोडलं." सगळी बस हसली. सुप्रियाही हसली. तिच्या सँडलला येऊन टेकलेलं एक संत्रं तिनं उचललं, ओढणीला पुसलं, आणि ते म्हातारीला द्यायला हात पुढे केला तेव्हा हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतलं सगळं एकदम थंड पडलं. हाच शब्द तिनं सकाळी स्टँडवर फोनवर उच्चारला होता. आणि गुणवंता "बरं" म्हणाला होता.

स्टँडवर काय झालं ते तिनं डोळे मिटून पुन्हा आठवलं. एका हातात चहाचा कागदी कप, खांद्याला पिशवी, कानाशी फोन, बाजूला नागपूरच्या गाडीवाल्याचा "नागपूर नागपूर" असा अखंड घोष. पलीकडे गुणवंता, तिचा सेंट्रिंगचा मिस्त्री, पांढुर्ण्याच्या साइटवरून ओरडून बोलत होता. "मॅडम, खालचा माल काढून राहिलो. रामाकोन्याच्या साइटले न्यायले ट्रॅक्टर आला. मधल्या लाईनचं काय करू?" आणि ती म्हणाली होती, चहाचा घोट घेऊन, अगदी सहज, "मधली लाईन सोडून द्या, गुणवंताभाऊ." त्यावर त्याचं ते "बरं". पुढे काहीच नाही. तिला म्हणायचं होतं, छताला खालून दिलेल्या लोखंडी टेक्यांपैकी कडेचे काढा, मधल्यांना हात लावू नका. तिच्या डोक्यात ते लख्ख होतं. इतकं लख्ख, की ते तोंडातून पूर्ण बाहेर पडलंय की नाही हे बघायचीही गरज तिला वाटली नव्हती.

म्हातारीनं संत्रं परत घेतलं नाही. "राहू दे माय, तूच खाय," म्हणून वर आणखी दोन तिच्या पिशवीत टाकली. सुप्रियानं फोन काढला आणि गुणवंताला लावला. घंटी पूर्ण वाजून गेली. परत लावला, परत वाजून गेली. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. माल काढताना लोखंडाचा एवढा खणखणाट असतो की फोन खिशात वाजला तरी कळत नाही. बघेल तेव्हा फोन करेल. आणि गुणवंता काही काल आलेला माणूस नव्हता. त्याला समजत नसेल का?

पण समजायचं काय, हाच तर प्रश्न होता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात जी कामं निघाली त्यातली ही शाळा. खाली मोठा हॉल, वर वर्ग, सगळ्यात वर छत. ती इमारत कशी असावी हे ठरवणारे इंजिनीअर निराळे होते आणि ते नागपूरला बसत. सुप्रियाचं काम इमारत आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तिला धरून ठेवायचं. टेके किती, कुठे, कोणते आधी काढायचे, कोणते शेवटी. साइटवर तिला टेकेवाल्या मॅडम म्हणत. तिची आई यमुनाबाई म्हणायची, "तू बांधत काहीच नाई वं. उभं करते आन काढून घेते." खरंच होतं ते. उद्घाटनाच्या दिवशी तिच्या कामातलं काहीही जागेवर उरत नसे आणि त्याचा फोटो कोणी काढत नसे. वरचं छत गेल्याच आठवड्यात ओतलं होतं. अजून ओलं, अजून कच्चं. त्याच्यावर वाफे करून पाणी भरलं होतं. ते सगळं ओझं टेक्यांवरून वर्गांच्या फरशीवर उतरत होतं, आणि ती फरशी म्हणजेच खालच्या हॉलचं छत. ते स्वतःला पेलायला तयार झालं होतं, दोन मजले पेलायला नाही. म्हणून हॉलच्या मधोमध टेक्यांची ती ओळ. कडेचे टेके काढले तर चालतं, भिंती जवळ असतात. मधली ओळ काढली तर दोन मजल्यांचं वजन एका अर्ध्या पक्क्या छतावर, अधांतरी. पडेलच असं नाही. हिशेबात थोडी जास्तीची ताकद धरलेली असते. पण ती किती उरली हे छताकडे बघून जगातल्या कोणालाही सांगता येत नाही, आणि तिला तर मुळीच नाही.

बस हलत होती आणि तो शब्द तिच्या डोक्यात हलत होता. घरी, सौंसरला, "सोडून दे" म्हणजे जाऊ दे, राहू दे. शाळा हिंदीतून झालेली. तिथं "छोड़ दो" म्हणजे हात लावू नको. आपल्या भागात मराठी बोलता बोलता पाय हिंदीत पडतो आणि परत येतो, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ती सकाळी मराठीत हिंदी बोलली होती. पण गुणवंताच्या कामात? त्याच्या कामात "प्लेट सोड" म्हणजे खाली घे. "जॅक सोड" म्हणजे ढिला कर. आणि हे सगळं आठवत असतानाच तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि तिनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. साइटवर ती स्वतः असंच बोलायची. "हा टेका सोडा, गुणवंताभाऊ." "आता कोपऱ्यातला सोडा." कित्येक वेळा ती म्हणाली होती, आणि दर वेळी त्यानं तो काढला होता. दर वेळी बरोबर काढला होता. तिनं त्याला जो शब्द ज्या अर्थानं शिकवला होता, त्याच अर्थानं तो आज ऐकणार होता.

तिनं परत फोन लावला. या वेळी बंद लागला. खिडकीबाहेर संत्र्यांच्या बागा मागे पळत होत्या, फांद्यांखाली बांबू लावलेल्या. मृगाचा बहार होता, झाडं लगडलेली होती. लहानपणी हे बांबू तिनं रोज बघितले होते. तिचे बाबा, प्रकाश, दुसऱ्याच्या बागेत कामाला होते आणि फळ भरलं की फांदीफांदीखाली दोन फाट्यांचा बांबू लावत फिरणं हे त्यांचं काम. ती त्यांच्या मागे फिरायची. बांबू जास्त दाबला तर फांदी वर उचलली जाते आणि सालीला चीर पडते. सैल राहिला तर त्याचा उपयोग नाही. बाबा बांबू लावून झाला की फांदीवर नुसता तळहात ठेवत, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि थोडा वेळ तसेच उभे राहत. ते काय तपासत, हे तिनं कधी विचारलं नाही. एका वर्षी तोडणीला बाहेरची माणसं आली. टोपल्या ठेवायला अडचण होते म्हणून त्यांनी आधी बांबू काढून टाकले. बाबा बांधाच्या पलीकडून येत होते. त्यांनी लांबूनच बघितलं. सुप्रियानं त्यांच्याकडे बघितलं, तर ते तोंड उघडून उभे होते आणि तोंडातून काहीच निघत नव्हतं. झाडाखाली एक बाई भाकर खात बसली होती. फांदी आधी करकरली, बाईनं वर बघितलं, ती उठून दोन पावलं सरली, आणि मग फांदी खोडाची साल लांबपर्यंत सोलत खाली आली. बाईच्या पाटीचा चुराडा झाला. बाई वाचली ती त्या करकरीमुळे. बाबांना मात्र त्या दिवसापासून झोपेत दचकायची सवय लागली. सुप्रियाला त्यांचं ते उघडं तोंड आठवत राहिलं. लाकूड निदान करकरतं. सिमेंट काही बोलत नाही. ते उभं असतं, उभं असतं, आणि मग नसतं.

आणि तेव्हा तिला भाताची शितं आठवली. शनिवारी संध्याकाळी निघताना ती हॉलमध्ये एक चक्कर टाकायला गेली होती, आणि टेक्यांच्या बुडाशी तिला भाताची शितं दिसली होती. मुंग्या लागलेली, पिवळी, खिचडीची. जुन्या शाळेच्या व्हरांड्याचे पत्रे उडाल्यापासून पोरं उन्हात बसून जेवत होती आणि मोठ्या बाई, अपर्णा मॅडम, दोनदा विचारून गेल्या होत्या की नव्या हॉलच्या सावलीत पंगत बसवली तर चालेल का. सुप्रियानं दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. दाराला लाल-पांढरी पट्टी बांधली होती. तरी शितं होती. म्हणजे ती नसली की पंगत तिथंच बसत होती. सोमवारी गेल्या गेल्या बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. आज सोमवार होता.

एवढ्या वेळात आधी तिला स्वतःचं नाव सुचलं होतं, हे तिच्या आता लक्षात आलं. वस्तीतली पहिली इंजिनीअर. नोकरी लागली तेव्हा आईनं घरोघरी पेढे दिले होते आणि जयभीम करत आलेली माणसं तिच्याकडे अशी बघत होती की जणू तीच एक इमारत आहे. ते सगळं एका शब्दानं खाली येणार, लोक काय म्हणतील, "यांच्या हाती दिलं की असंच" हे कोण पहिल्यांदा म्हणेल, इथपर्यंत ती पोचली होती. आणि त्याच वेळी टेक्यांच्या बुडाशी मुंग्या शितं ओढत होत्या. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली तरी भीती तसूभर कमी झाली नाही, उलट आता भीतीला चेहरे आले. तिला मुलांची नावं ठाऊक नव्हती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, गुडघ्याला पट्टी बांधलेला, असंच ती त्यांना ओळखायची.

तिनं अपर्णा मॅडमना फोन लावला. वर्गात असल्या की त्या फोन कपाटात ठेवतात, हे तिला माहीत होतं. घंटी वाजत राहिली. नागपूरला अभिजीतला लावला, तिच्या वरचा इंजिनीअर. त्यानं उचलला. तिनं सांगितलं, एका दमात, जमेल तितकं. तो हसला. "अगं, कोणी मधली लाईन काढतं का? त्यांना कळत नाही होय? आणि काढली तरी एवढं लगेच काही होत नसतं. तू फार विचार करतेस, सुप्रिया." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तिला ते आणखीच वाईट वाटलं. त्याच्या जागी ती असती तर तीही हेच म्हणाली असती. फोन ठेवतेय तोवर हातातच परत वाजला. अनोळखी नंबर, आवाज गुणवंताचा.

"मॅडम, फोन केला होता काय? बॅटरी गेली होती, ट्रॅक्टरवाल्याच्या फोनवरून बोलून राहिलो ना."

"गुणवंताभाऊ, मधली लाईन. मधल्या लाईनचं काय केलं?"

"सोडून देली ना, मॅडम. तुमी म्हणलं तशी."

"सोडून म्हणजे? उभी आहे का?" ती म्हणाली, पण तोवर बस चढावाच्या वळणावर आली होती आणि फोनमध्ये नुसती खरखर होती. मग तीही गेली. पडद्यावरच्या रेघा एक एक करून नाहीशा झाल्या. तिला हसायला आलं असतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी. जगातलं सगळ्यात सोपं उत्तर त्यानं तिला दिलं होतं आणि त्या उत्तरात तिला काहीही कळलं नव्हतं. सोडून दिली. तिच्या मराठीत ओळ उभी होती आणि त्याच्या मराठीत ओळ ट्रॅक्टरमध्ये होती, आणि दोघं एकच वाक्य बोलले होते. पुढचा सगळा रस्ता ती त्या वाक्यावर कान लावून बसली. "देली ना" मधला "ना" कसा होता? काम झाल्याचा होता, की न केल्याचा? तो दमलेला वाटत होता का? दमलेला असेल तर काढली. सहज बोलला असेल तर ठेवली. तिला त्याचा आवाज आठवेनासा झाला. जितकं आठवायला जावं तितका तो आवाज तिचाच होत गेला. चढ संपला, रेघा परत आल्या, तिनं त्या नंबरवर लावला, तो ट्रॅक्टरवाल्यानं उचलला आणि म्हणाला की मिस्त्री आत हाये, मी भायेर हाये, गाडीत माल भरणं सुरू हाये. "कोणता माल?" तिनं विचारलं. "टेके," तो म्हणाला. "मिस्त्रींना बोलावता का?" ती म्हणाली. "पोरांना हॉलच्या बाहेर काढा म्हणावं, लगेच." "बरं," तो म्हणाला. त्याचंही तेच "बरं". तो गेला की नाही, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

पांढुर्णा आलं. स्टँडवर बस नीट थांबायच्या आत ती उतरली. म्हातारी मागून काहीतरी म्हणाली, ते तिनं ऐकलं नाही. ऑटोवाल्याला तिनं फक्त शाळा म्हटलं. पुढे रेल्वेचं फाटक लागलेलं होतं आणि एक मालगाडी अशी निवांत चालली होती की तिला तिचा जीव घ्यावासा वाटला. डबे, डबे, डबे. ऑटोवाला गाणं गुणगुणत होता. तिच्या मनात आलं, आता आवाज आला तर इथं ऐकू येईल का? फाटकाच्या या बाजूला, गाडीच्या खडखडाटात? कदाचित झालंही असेल आणि शहराला अजून कळलं नसेल. माणसं भाजी घेत होती. तिनं त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं, कोणी एका दिशेला बघतंय का, कोणी धावतंय का. कोणी धावत नव्हतं. याचा अर्थ तिला चांगला लावता येईना.

शाळा उभी होती. वळणावरूनच दिसली, दोन मजले आणि वरचं ओलं छत, शनिवारच्या मानानं काहीही बदल नाही. फाटकाशी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तीत लोखंडी टेके आडवे रचलेले होते. ट्रॅक्टरवाला चाकाला टेकून बिडी ओढत होता. "मिस्त्री मांगं प्लेटा मोजून राह्यला, सांगतोच आता," तो म्हणाला. ती थांबली नाही. हॉलच्या दाराशी चपला काढलेल्या होत्या. लहान लहान, रांगेनं, निळ्या, गुलाबी, एक तुटलेल्या पट्ट्याची. जेवायला बसताना चपला बाहेर काढायच्या, हे या पोरांना घरून शिकवलेलं होतं. लाल-पांढरी पट्टी दाराला नव्हती.

आत पंगत बसली होती. हॉलच्या मधोमध, लांबच लांब, दोन ओळी समोरासमोर. जिथं टेके होते तिथं मुलं होती. फरशीवर टेक्यांच्या बुडांचे चौकोनी डाग अजून ताजे होते आणि त्या डागांवर ताटं ठेवलेली होती. शकुबाई, खिचडी करणारी बाई, पळी हातात घेऊन वाढत चालली होती आणि सुप्रियाला बघून मोकळेपणी म्हणाली, "पाहा मॅडम, आज कशी मोकळी जागा झाली. रोज त्या खांबायतून वाकून वाकून वाढा लागे." एका मुलीच्या दोन्ही वेण्यांना लाल-पांढरी पट्टी रिबिनीसारखी बांधलेली होती. तीच मुलगी ताटावर आडवा हात धरून म्हणाली, "मॅडम, वरून पाणी पडून राह्यलं," तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायचं म्हणून. सुप्रियानं वर बघितलं. वरच्या वाफ्यांतलं पाणी वर्गांच्या फरशीवर ठिबकायचं, हे नेहमीचं होतं. पण ते हॉलमध्ये कधी आलं नव्हतं. छतावर उमटलेल्या प्लेटांच्या सांध्याजवळ, बरोबर मधोमध, केसाएवढी एक काळी रेघ होती आणि तिच्या टोकाला थेंब धरत होता.

तिचं तोंड उघडलं. आणि त्यातून काहीच निघालं नाही. बांधापलीकडचे बाबा तिला समजले, इतक्या वर्षांनी, एका क्षणात. तोंडाशी आलेला शब्द "पळा" होता. तो म्हटला की ही पोरं उठणार, कोण कोणाच्या अंगावर पडणार, सगळी एका दारात अडकणार, आणि कडेला दोन-चार टेके अजून शिल्लक होते त्यांना धक्का लागणार. भीती इतकी होती की तिला स्वतःचे हात दुसऱ्या कोणाचे वाटत होते. तिनं पिशवीतून संत्री काढली. "ज्याला संत्रं पाहिजे त्यानं ताट घेऊन बाहेर," ती म्हणाली, आणि आवाज साधाच निघाला. कोणी हललं नाही. पुढचा दात पडलेला पोरगा म्हणाला, "आमच्या घरी लय हायेत." बाकीचे मान हलवून पुन्हा जेवायला लागले. पांढुर्ण्याच्या पोरांना संत्र्याचं काय कौतुक! तेवढ्यात तिच्या दुसऱ्या हातात फोन होता हे तिला दिसलं.

"बरं, मग फोटो काढायचा आहे," ती म्हणाली. "नव्या शाळेचा पहिला फोटो. ताटं हातात, रांग करून, कडेकडेनं. जो पळेल तो फोटोत नाही."

पोरं उठली. शकुबाई म्हणाली, "जेवू त द्या लेकरायले," आणि मग तिनं सुप्रियाच्या तोंडाकडे नीट बघितलं. तिनं पळी बादलीत ठेवली, बादली तिथंच ठेवली आणि सगळ्यात लहान दोघांना बखोटीला धरून रांगेच्या पुढे लावलं. ओळ निघाली. किती हळू निघाली! एकाची खिचडी सांडली, तो पुसायला वाकला. एक जण ताट विसरला म्हणून परत फिरला, तर सुप्रियानं त्याला खांद्याला धरून वळवलं आणि तिला त्याच्या खांद्याचं हाड हाताला लागलं, चिमणीएवढं. ती दारात उभी राहून हसत होती. हसणं तिनं चेहऱ्यावर धरून ठेवलं होतं. मागून थेंब पडल्याचा आवाज येत होता, रिकाम्या फरशीवर, टप्, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि मग टप्. दोन वेण्यांची मुलगी शेवटी होती. ती आपली चप्पल शोधत दारातच बसली. "अनवाणीच ये," सुप्रिया म्हणाली. "फोटोत पाय दिसत नाहीत."

मैदानाच्या टोकाला, झाडाखाली, तिनं फोटो काढला. तो हलला असणार. मग ती मातीत बसली. पोरं "दाखवा, दाखवा" म्हणत अंगावर आली. इमारतीच्या मागून गुणवंता येत होता, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर नेहमीचं शांत हसू. ते जवळ येता येता मावळत गेलं.

"वर कोणी आहे?" तिनं विचारलं.

"नाई. काय झालं, मॅडम?"

"मधली लाईन काढली तुम्ही."

"तुमीच त म्हणलं. सोडून द्या म्हणून."

"मी म्हटलं होतं, राहू द्या."

तिच्या भोवती पोरं होती, त्यांच्या हातात ताटं होती, आणि गुणवंता त्यांच्याकडे बघत असताना त्याच्या तोंडाचा रंग उतरला. "मले वाटलं होतं," तो म्हणाला, "का एवढ्या लवकर कशी म्हणते. पण म्हणलं, मॅडमनं हिशेब केला असन." मग तो अगदी खालच्या आवाजात, रागावून नव्हे, म्हणाला, "मंग राहू द्या म्हणाचं ना, मॅडम."

ओळ परत उभी करायची होती. ते आत जाऊनच करावं लागतं, छताखाली उभं राहून, दुसरा उपाय कोणी काढलेला नाही. गुणवंतानं मजुरांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तिनं मान हलवली. त्यांनी टेके दारापर्यंत आणून द्यावेत, पुढे नाही. "मी एकटा लावतो," तो म्हणाला. "तुमी कायले येता?" "शब्द माझा होता," ती म्हणाली, आणि चपलांच्या रांगेवरून पाय टाकून आत गेली. आत बादलीतली खिचडी अजून वाफाळत होती. भिंतीकडून सुरुवात करायची, जिथं आधार अजून आहे तिथून, आणि मग आत आत. दोघंही पाऊल न वाजवता चालत होते, जणू वर कोणी झोपलंय. गुणवंताच्या मानेवर घाम होता. तोही घाबरलेला होता आणि ते दिसू नये म्हणून धडपडत नव्हता. त्यामुळे तिला जरा बरं वाटलं.

एक लागला. दुसरा लागला. बाहेरची पोरं कोणाच्या तरी मागे पाढे म्हणत होती. अपर्णा मॅडम आल्या असाव्यात. काळ्या रेघेखालचा टेका शेवटचा होता. गुणवंतानं तो दोन्ही हातांनी उभा धरला, तिनं स्क्रू फिरवला, एकेक आटा, अगदी हळू, छताला नुसतं टेकेपर्यंत. उचलायचं नाही. सैलही ठेवायचं नाही. वरचं टोक टेकलं, नळीतून बारीकशी थरथर तिच्या बोटांत आली आणि थांबली. तिनं त्या थंड लोखंडावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. थेंब तिच्या मनगटावर पडला.

"सोडू?" गुणवंतानं विचारलं.

साधा प्रश्न होता. टेका बसला होता, हात काढू का, एवढंच. उत्तर एका अक्षराचं होतं, आणि ते बरोबरही होतं. सुप्रिया ते अक्षर तोंडात धरून उभी राहिली. तिला ते म्हणता येईना. गुणवंतानं थोडं थांबून तिच्याकडे बघितलं आणि मग, एखाद्या लहान मुलाला विचारावं तसं, शब्द सुटे सुटे करून पुन्हा विचारलं.

"मॅडम, सोडू, का राहू देऊ?"

"राहू द्या," ती म्हणाली.

त्यानं हात काढला नाही. तिनंही काढला नाही. बाहेर पाढा संपला, दुसरा सुरू झाला, आणि ती दोघं छताखाली टेका धरून उभी राहिली.